खतात गेलेले बोंबील

"सडलाय," भाविनी म्हणाली आणि हातातला बोंबील तिने ढिगावर परत टाकला. "खालपासून वरपर्यंत सडलाय. व्यापाऱ्याला देऊ नका."

ढिगाभोवती उभ्या असलेल्या बायांचे चेहरे पडले. चार घरांनी मिळून सुकवलेला माल होता तो. दुपारी वलसाडकडचा व्यापारी टेम्पो घेऊन येणार होता, आणि चारही घरांत त्या टेम्पोच्या भरवशावर काही ना काही ठरलेलं होतं. भाविनीची चुलतजाऊ कविता पुढे झाली. तिने ढिगातला एक बोंबील उचलून मोडला. काटकन आवाज आला.

"ऐकलंस? पापडासारखा मोडला. दव लागलेलं नाय, पाणी लागलेलं नाय. कुठं सडलाय?"

"आतून."

"मला तर वास येत नाय."

"तुला कधी आलाय?"

बाया एवढ्या रडवेल्या झाल्या होत्या, तरी हसल्या. कविताच्या गादीखाली एकदा उंदीर मेला होता, तेव्हा तिने सलग दोन दिवस नवऱ्याला साबण लावून आंघोळीला पाठवलं होतं. डहाणूच्या त्या किनाऱ्यावर ही गोष्ट अजून चवीने सांगितली जायची. कविता मोडलेला बोंबील पुन्हा पुन्हा नाकाशी नेत होती.

"भाविनीनं सांगितलं ना?" भाविनीची सासू सोनूबाई म्हणाली. "मग झालं. सडका माल गेला तर व्यापारी पुढल्या खेपेला इकडं फिरकायचा नाय."

भाविनीच्या नाकाचा आळीला आधार होता. लग्न होऊन आली तेव्हा ती अठराची होती, आणि पहिल्याच हंगामात तिने सासूला सांगितलं होतं की त्या पाटीतल्या करदीला, म्हणजे सुक्या बारीक कोळंबीला, रात्रीचं दव लागलंय. सोनूबाईने ऐकलं नाही आणि चार दिवसांत करदीला बुरशी धरली. तेव्हापासून कुणाचाही माल बांधायचा असला की आधी भाविनीच्या नाकाखालून जायचा. मीठ कमी पडलं, ऊन कमी लागलं, पोत्याला आधी डिझेल लागलेलं होतं, सगळं तिला कळायचं. व्यापारीसुद्धा विचारायचा, "बेने सुंघ्या के?" बेनने हुंगला असला तर तो पोतं उघडायचा नाही.

माल समुद्रात टाकायचा नाही असं ठरलं. सरावलीजवळच्या एका चिकूवाडीचा ट्रॅक्टर मासळीची घाण खतासाठी न्यायला यायचाच. त्यात चार घरांचे बोंबील फावड्याने भरले गेले. तोवर भाविनी ओढून ठेवलेल्या होडीच्या आडोशाला जाऊन ओकत बसली होती. पोटात चहाशिवाय काही नव्हतं, तरी ओकारी थांबेना. आपण माल वाचवला नाही तरी नाव वाचवलं, एवढंच तिच्या मनात होतं. आणि त्या मनाच्याही खाली, कुणाला न सांगितलेलं दुसरं एक होतं: हा वास बोंबलांचा असो नसो, माझा नक्की आहे.

भाविनीला टीबी होता. पहिल्यांदा झाला तो साधा. गोळ्या घेतल्या, बरं वाटलं, पण खोकला परतून आला. मग थुंकी तपासायला दूर पाठवली आणि कळलं की हा मोठा टीबी, नेहमीच्या गोळ्यांना न जुमानणारा. सहा महिने रोज इंजेक्शन. त्याने डाव्या कानात रातकिडा बसला तो बसलाच. शिवाय दोन वर्षं पुरणाऱ्या गोळ्या, मूठभर, रोज आरोग्य सेविकेच्या देखत गिळायच्या. दोन हजार सोळा सालच्या पावसाळ्यात सुरुवात झाली. हिवाळ्यापर्यंत तिच्या थुंकीत जंतू सापडेनासे झाले. आता हिच्यापासून कुणाला धोका नाही, असं डॉक्टरांनी सोनूबाईला समोर बसवून सांगितलं. सोनूबाईने मान हलवली. घरी येऊन तिने भाविनीचं ताट मात्र वेगळंच ठेवलं.

आळीने तर काहीच म्हटलं नाही. बोंबील सुकवायच्या बांबूच्या चौकटींना तिथे वलांडी म्हणतात. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून त्यावर टांगायचे. भाविनीच्या घराची वलांडी मधोमध होती. एका सकाळी ती पार टोकाला, तिवरांच्या कडेला उभी केलेली दिसली. वारा समुद्राकडून येतो. टोकाच्या वलांडीवरून गेलेला वारा दुसऱ्या कुणाच्या मासळीवर जात नाही, सरळ तिवरांत शिरतो. हे गणित कुणी बोलून दाखवलं नाही आणि भाविनीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याच बाया माल बांधायच्या दिवशी नमुना थाळीत घालून आणत, तिच्यापासून चार हात लांब थाळी ठेवत आणि मागे सरून उभ्या राहत. नाक हवं होतं, श्वास नको होता.

भाविनीला याची शिसारी यायची. पण तेव्हा तिला सगळ्याचीच शिसारी येत होती.

आधी मासळीचा वास बदलला. मग शिजणाऱ्या भाताला तो यायला लागला. खलाशी म्हणून बोटीवर जाणारा तिचा नवरा मितेश आठ-दहा दिवसांनी घरी आला, हौसेने जवळ बसला, आणि तिने तोंड फिरवलं. तो म्हणाला, "अंघोळ करून आलोय गं." मितेशने ताट उचललं आणि ओट्यावर जाऊन जेवला. नंतर वास तिच्या ओंजळीला आला. राखेने घास, साबणाने घास, लिंबू चोळ. हात सोलवटून लाल झाले, वास तिथेच. मग तिला एक दिवस उमगलं, म्हणजे उमगलं असं वाटलं. टीबीने फुप्फुस आतून खाल्लं होतं. ते मेलं, आणि त्याच्याबरोबर आपणही मेलो. जंतू सापडत नाहीत ते म्हणूनच. मेलेल्यात जंतू तरी कशाला राहतील? लोक लाजेखातर बोलत नाहीत, लांब उभे राहतात. सडकं काय आणि चांगलं काय हे जिला आयुष्यभर कळलं, तिला स्वतःचं कळू नये? भरतीच्या वेळी ती खाडीच्या धक्क्यावर जाऊन उभी राहू लागली. सडकी मासळी तिथूनच टाकतात.

गोळ्या घेणाऱ्यांचं मन सांभाळायला सरकारने एक मुलगी नेमली होती. संगिता तिचं नाव. डहाणू आणि तलासरी, दोन्ही तालुके तिच्या एका स्कूटीवर. आळीतल्या बाया तिला कौन्सिलर म्याडम म्हणत. ती यायची ती अंगणातल्या खुर्चीवर बसायची, मास्क लावून. मास्कला ती अत्तर लावायची, बहुधा आळीच्या वासासाठी. भाविनीला त्या अत्तराच्या खालूनही कुजकाच वास यायचा.

"गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं?" संगिता विचारायची.

"उदास नाय. वास येतो."

"कसला?"

"सडल्याचा."

"गोळ्यांनी मळमळतं ताई. सगळ्यांनाच होतं. बडीशेप चघळा. आणि चांगले विचार करायचे."

"कुठले?"

"म्हणजे... चांगले."

तिने बडीशेपेची पुडी स्वतःच्या पर्समधून काढून दिली होती. मुलगी वाईट नव्हती. पण पुढच्या भेटीलाही भाविनीने वास म्हटलं, त्याच्या पुढच्या भेटीलाही, आणि प्रत्येक वेळी पुडीच मिळाली. ही मुलगी हुशार, शिकलेली. तिला माझ्या अंगाचा वास येत असणारच, म्हणून तर अत्तर, असं भाविनी मनात म्हणायची आणि पुडी ठेवून घ्यायची.

बोंबील खतात गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी भाविनी, सोनूबाई आणि कविता तलासरीच्या आठवडी बाजारात बसल्या होत्या. पावसाळ्याची बेगमी करायला पाड्यापाड्यांतून माणसं उतरली होती. जवला, मांदेली, करदी, पाट्या ओळीने मांडलेल्या. भाविनी तोंडावर पदर बांधून टोकाला बसली होती. गिऱ्हाइकाला माप घालून द्यायचं काम सोनूबाईचं.

कैनाडकडचा एक वारली बाप्या समोर येऊन उकिडवा बसला. खांद्यावर टॉवेल, हसरे डोळे. त्याने पाट्यांवरून नजर फिरवली.

"यातला नाय," तो म्हणाला. "तुमचा तो खत हाय का?"

"कसलं खत?" सोनूबाईने विचारलं.

"मी झिपरू. सरावलीला शेठच्या चिकूवाडीत कामाला. तुमच्या आळीतून ट्रॅक्टर भरून आला ना, बोंबील? शेठ बोलला, झाडाला घाला. मी एक हुंगला, बोललो, झाडाला कशाला?" त्याने मांडीवर थाप मारली. "सगळा पाडा जेवला बाय! भाजून, कांदा घालून. लग्नात असा बोंबील नाय मिळाला. म्हातारी बोलली, जा, त्यांना विचार अजून खत कधी टाकणार."

कविताने पदराचा बोळा तोंडात कोंबला तरी हसू बाहेर आलं. शेजारच्या पाटीवरच्या बायाही वळून बघायला लागल्या. हसता हसता कविता एकदम थांबली. त्या ढिगात तिचाही वाटा होता.

"मी बोल्ले होते," ती म्हणाली. "मी मोडून दाखवला होता. ऐकलं कुणी? म्हणे कविताला कधी वास आलाय!"

"थोबाड बंद कर," सोनूबाई म्हणाली. चार घरांचा माल आपल्या सुनेच्या शब्दावर मातीत गेला, हे बाजारात उघडं पडलं तर पुढे आपल्या पाटीला कोण शिवणार, एवढं तिने डोळ्याचं पातं लवायच्या आत ओळखलं होतं. ती झिपरूकडे न बघता आसपासच्या बायांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "यांना काय कळतंय चांगलं नि सडकं? उंदीर खाणारी माणसं. सडकाच होता तो. यांना गोड लागला."

झिपरूचं हसू तोंडावर होतं तसंच राहिलं, पण त्यातला जीव गेला. त्याने टॉवेल खांद्यावर नीट केला.

"आमी उंदीर खातो," तो शांतपणे म्हणाला. "ताजा खातो."

बाया आता सोनूबाईच्या बाजूने माना डोलावत होत्या. हो हो, त्यांची पोटंच वेगळी. काय म्हणाल ते पचतं. भाविनीला हा तोडगा सगळ्यांना आवडलेला दिसला. तिने नुसतं गप्प बसलं तरी पुरे होतं. नाक शाबूत राहिलं असतं, पाटी राहिली असती, सासूचा मान राहिला असता. आणि तिला ओकारी आली. ती मासळीची नव्हती, या बोलण्याची होती; हा फरक तिला कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच कळला.

झिपरूच्या पाड्यावर म्हातारी माणसं, लहान पोरं सगळी जेवली होती. कुणाच्या पोटात दुखलं नव्हतं. सडलेला बोंबील खाऊन पाडाभर माणसं ठणठणीत राहत नाहीत, मग ती कुणीही असोत. म्हणजे बोंबील चांगला होता. आणि तिला तर तो खालपासून वरपर्यंत सडका लागला होता, शपथेवर सांगितलं असतं इतका. म्हणजे नाक खोटं बोललं. बोंबलाबद्दल खोटं बोललं, तर भाताबद्दलही बोललं असेल. मितेशबद्दलही.

मग माझ्याबद्दल?

हा विचार सोडून द्यावा असं एकदा तिला वाटलं, कारण नाक खोटं ठरलं की तिच्यापाशी उरत काय होतं? दिसायला साधारण, शिक्षण सातवीपर्यंत, छाती अर्धी. आळीत तिला नावाने ओळखायचे ते नाकामुळे. पण दुसऱ्या पारड्यात खाडीचा धक्का होता.

तिने तोंडावरचा पदर सोडला आणि उभी राहिली.

"माल चांगला होता," ती म्हणाली. "पहिल्या प्रतीचा होता. माझं नाक बिघडलंय."

"खाली बस भाविनी," सोनूबाई दातांतल्या दातांत म्हणाली.

"झिपरूदादा, तुमचं बरोबर हाय. आई, कविताचंही बरोबर होतं. मला चांगल्याचा वास सडका येतो. किती दिवस येतोय, मलाच ठाऊक नाय. कुणी माझ्या नाकावर माल घेऊ नका."

"येडी झालीस काय?"

"तेच विचारायला चाललेय."

तलासरीच्या सरकारी दवाखान्यात बाजाराच्या दिवशी संगिता बसायची, हे भाविनीला माहीत होतं. दवाखाना बाजाराला लागूनच. ती सरळ चालू पडली. सोनूबाई पाट्या कविताच्या गळ्यात मारून मागोमाग निघाली, वाटभर बडबडत. "गोळ्यांचं सांग हवं तर. नाकाचं नको. माझ्या घरात येडी निघाली म्हणून मितेशला बोटीवरसुद्धा कुणी घेणार नाय, कळतंय काय?"

डॉक्टरांच्या खोलीत पंखा दाराच्या दिशेने लावलेला होता, पेशंटकडची हवा बाहेर जावी म्हणून. भाविनीने त्यांना बोंबलांपासून सगळं सांगितलं. ते मोबाइल बघत ऐकत होते.

"नाकाचा प्रॉब्लेम ना? मग नाक-कान-घसा. चिठ्ठी देतो."

"सर," दारातून संगिता म्हणाली. ती आत आली, आणि तिचा चेहरा मास्कच्या वर पांढरा पडलेला दिसत होता. "सर, सायक्लोसेरीन चालू आहे यांना. मनावर परिणाम करणारी ती कॅप्सूल."

डॉक्टरांनी मोबाइल पालथा ठेवला. पहिल्यांदाच त्यांनी भाविनीकडे नीट बघितलं.

"मरावंसं वाटतं का?"

टीबी झाल्यापासून तिला वजन विचारलं होतं, थुंकी विचारली होती, पाळी विचारली होती; हे कुणी विचारलं नव्हतं. भाविनीने सासूकडे पाहिलं. सोनूबाई भिंतीवरच्या मच्छरांच्या पोस्टरकडे बघत होती.

"मेलेय असंच वाटतं," भाविनी म्हणाली. "सडलेय. टाकायचं राहिलंय फक्त."

"टाकायचं म्हणजे?"

"खाडीत. भरतीला जाऊन उभी राहते मी."

पोस्टरवरची सोनूबाईची नजर हलली नाही, पण तिचा हात मागून आला आणि त्याने भाविनीच्या ब्लाऊजची बाही चिमटीत धरली. खोलीतून बाहेर पडेपर्यंत तिने ती सोडली नाही.

मग सगळं भराभर झालं, जे आधीही होऊ शकलं असतं. फोन झाले. ती कॅप्सूल बंद करून तिच्या जागी दुसरं औषध देता येतं, बाकीच्या गोळ्या चालूच ठेवायच्या, मनाच्या डॉक्टरांकडे उद्याच न्यायचं, तोवर बाईला एकटं सोडायचं नाही. संगिता लिहून घेत होती, तिचं पेन दोनदा खाली पडलं.

व्हरांड्यात ती भाविनीजवळ येऊन म्हणाली, "ताई, मला आधी सांगितलं असतं तर..."

"सांगत होते."

"नाही, म्हणजे, हे असं..."

"वास येतो, वास येतो, एवढंच सांगत होते. तुम्ही बडीशेप दिलीत."

संगिताने मास्क खाली ओढला आणि भिंतीला टेकली. भाविनीला तिची कीव आली नाही. रागही फारसा आला नाही. ओल्या पोत्याने पाठ पुसावी तशी एक किळस अंगावरून गेली, आणि त्यात ही मुलगी, पंख्यापलीकडचा डॉक्टर, टोकाची वलांडी, वेगळं ताट, सगळंच होतं.

त्या रात्रीपासून सोनूबाई सुनेच्या खोलीच्या उंबऱ्यात आडवी झोपू लागली. बोलत मात्र नव्हती. बाजारातल्या त्या वाक्यासाठी तिने सुनेला माफ केलं नाही. आळीने पुढच्या हंगामाचं नाक म्हणून जिजा म्हातारीला नेमलं. तिला अर्धं कळायचं, उरलेलं ती ठसक्यात ठोकून द्यायची. कविता म्हणाली, "तिच्यापेक्षा झिपरूला बोलवा." त्यावर भाविनीसुद्धा हसली. थाळी घेऊन तिच्या दाराशी आता कुणी येत नव्हतं. वलांडी टोकालाच राहिली.

वास एका दिवसात गेला नाही. आधी भातावरून गेला. मितेश आला तेव्हा त्याच्या अंगाला नुसता डिझेलचा वास होता. ती बराच वेळ त्याच्या खांद्याला नाक लावून बसली आणि तो बिचारा न हलता बसून राहिला. शेवटी ओंजळीवरून गेला. पण भाविनीचा विश्वास बसेना. आता नाक काहीच सांगत नव्हतं, आणि हे काहीच न सांगणंही खोटं असेल तर? मनाच्या डॉक्टरांना तिने विचारलं. ते म्हणाले, हळूहळू कळेल.

श्रावणात, बोटी बंद असताना, किनाऱ्याला एक मोठं कासव लागलं. कधी मेलं होतं देव जाणे. पाठ फुटलेली, पोट फुगून हिरवं पडलेलं. कासव म्हणजे देव, म्हणून बाप्ये खड्डा खणायला निघाले होते. थोडं खणून वारा येतो त्या बाजूला पळत होते. हळदकुंकू घेऊन आलेल्या बायांनी ते लांबूनच फेकलं. आळीतली कुत्रीसुद्धा जवळ जात नव्हती.

भाविनी मात्र थेट गेली आणि कासवापासून हातभर अंतरावर उभी राहिली.

"अगो, मागं हो!" कविता ओरडली. तिने पदर नाकावर दाबून धरला होता, डोळ्यांत पाणी आलं होतं. "वास येत नाय काय तुला?"

"तुला येतो?"

"येतो काय विचारतेस? आतडी बाहेर पडतायत!"

"कसा येतो, सांग."

"कसा म्हणजे? सडल्याचा!"

"नीट सांग गो कविता."

कविताने पदर जरासा सरकवला, एकदा हुंगलं आणि अंग झाडलं. "गोडूस. मग एकदम कुजक्या अंड्यावाणी. पोटाकडून जास्त येतोय. बास? आता चल."

"पोटाकडूनच," भाविनी म्हणाली. "गोडूसच."

कविता पुढे निघून गेली. खड्डा खणणाऱ्यांनी फावडी टाकून पुन्हा मोकळ्या हवेकडे धाव घेतली. भाविनी तिथेच उभी राहिली, तोंडावर काही न घेता, आणि तिने छाती भरून श्वास घेतला.